तक्रारीवर पोच आहे का? विद्यापीठाला जाब विचारताना लागणाऱ्या तारखा

हा भाग ज्यांनी प्रवासात अर्धवट ऐकला आणि नंतर "त्या तारखा लिहून द्या ना" असे मेसेज टाकले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना इकडे-तिकडे गेलेलं थोडं आवरलं आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

सुरुवात आपल्या नागपुरातूनच करू. २०२२ च्या शेवटी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात एक विचित्र प्रकरण बाहेर आलं. विद्यापीठातल्याच सात जणांनी कुलगुरूंकडे तक्रार केली की, एका सहकारी प्राध्यापकाने आमच्याकडून लाखो रुपये उकळले. कसे? तर "तुमच्याविरुद्ध विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या आहेत, प्रकरण मिटवायचं असेल तर पैसे द्या" असं सांगून. त्या प्राध्यापकाला निलंबित करण्यात आलं, विषय खूप गाजला. हे आरोप आहेत, कोण दोषी ते मी इथे ठरवत नाही आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट खटकली.

कोणी येऊन सांगतं की तुमच्यावर तक्रार आहे, तर शिकलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारेल? "तक्रारीची प्रत दाखवा." कारण नियमच तसा आहे. तक्रार समितीकडे आली की ७ दिवसांत तिची एक प्रत समोरच्याला मिळालीच पाहिजे. प्रत नाही, समितीचं पत्र नाही, आवक क्रमांक नाही, तर मग तक्रार आहे कुठे? आणि पैसे घेऊन प्रकरण मिटवायची सोय तर कायद्यात नाहीच. तक्रारदाराच्या इच्छेने समेट होऊ शकतो, पण पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आरोप खरे धरले, तर हा सगळा खेळ चालला तो एकाच गोष्टीवर: विद्यापीठातल्या प्राध्यापकांनाही समितीचं काम कसं चालतं याची खात्री नव्हती. मग राजेहो, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गोंदियाहून आलेल्या मुलीला ती कुठून असणार?

म्हणून आधी नियम समजून घेऊ.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि २०१२ मध्ये निकाल लागला. मग २०१३ चा कायदा आला, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात. कॉलेज-विद्यापीठांसाठी त्याच्या जोडीला युजीसीचं विनियमन आहे, नाव २०१५ चं, लागू झालं मे २०१६ पासून. आपल्याला खरं काम पडतं ते या युजीसीच्या नियमांशी.

त्यानुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. 'प्रत्येक' या शब्दाकडे लक्ष द्या. नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे येतात. भंडाऱ्याच्या कॉलेजमधल्या मुलीने अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये धावत यायचं नाही, तिच्या कॉलेजातच समिती असली पाहिजे. समितीची प्रमुख वरिष्ठ महिला प्राध्यापक. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरची सदस्य. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तीन विद्यार्थीही. एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं समितीत चालत नाहीत. हा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या सहीने प्राध्यापकाची बढती होते, त्यानेच त्या प्राध्यापकाची चौकशी करू नये, इतकी साधी गोष्ट आहे.

त्या तीन विद्यार्थ्यांची गंमत बघा. नियम म्हणतो ते निवडून आलेले हवेत, पारदर्शक लोकशाही पद्धतीने. आता महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यापासून कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने दार उघडलं, पण तुमच्यापैकी किती जणांनी कॉलेजात कधी मत दिलंय, हात वर करा! मग समितीतला विद्यार्थी प्रतिनिधी येतो कुठून? बहुतेक ठिकाणी सरांच्या यादीतून. दिल्लीच्या जेएनयूमध्ये १९९९ पासून 'जीएसकॅश' नावाची समिती होती, तिच्यात विद्यार्थी खरोखर निवडून जायचे. २०१७ मध्ये ती मोडून तिथेही नवी समिती आणली गेली, त्यावरून केवढा वाद झाला. विद्यार्थ्यांचा आक्षेप नेमका हाच होता: प्रशासनाने नेमलेली समिती प्रशासनाला प्रश्न कशी विचारेल?

आता घड्याळ. घटनेनंतर ३ महिन्यांत लेखी तक्रार. उशीर झाला तर कारण नोंदवून समिती आणखी ३ महिने देऊ शकते. ७ दिवसांत समोरच्याला प्रत, त्याचं उत्तर १० दिवसांत. तक्रार मिळाल्यापासून ९० दिवसांत चौकशी पूर्ण, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यावर ३० दिवसांत प्रशासनाने कारवाई करायची. कोणी अपील केलं तर गोष्ट वेगळी, त्यालाही ३० दिवसांचीच मुदत. शिफारस मान्य नसेल तर प्रशासनाला ती नुसती फाईलखाली दाबता येत नाही. का मान्य नाही, ते लिहून दोन्ही बाजूंना कळवावं लागतं.

चौकशी चालू असताना त्याच सरांच्या हातात तुमचे इंटर्नल मार्क असतील तर? त्याचीही सोय आहे. त्यांना तुमचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवा, विभाग बदलून द्या, ३ महिन्यांपर्यंत रजा द्या, असं समिती सुचवू शकते. फक्त हे मागावं लागतं, लेखी मागावं लागतं. आणि नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार 'खोटी' ठरत नाही, हेही नियमात आहे. या एका भीतीने किती मुली गप्प बसतात, तुम्हीच आठवा.

जाता जाता एक. मुलींच्या सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नका, असंही याच विनियमनात आहे. संध्याकाळी सात वाजता गेट बंद करणाऱ्या रेक्टर मॅडमना हे कोणी वाचून दाखवलंय का कधी?

तर नियम हे असे. ते मोडले की काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे, आणि मला आजच्या भागात त्याच्यावरच जास्त थांबायचं आहे.

२००९ साली गोवा विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखांविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. एक-दोन नाही, नऊ. विद्यापीठाच्या समितीने बैठकांवर बैठका घेतल्या. प्राध्यापकांनी आजारपणाचं कारण देऊन वेळ मागितला. समितीने तो पुरेसा दिला नाही, त्यांच्या गैरहजेरीतच काम पुढे नेलं आणि जूनमध्ये अहवाल देऊन टाकला: दोषी. २०१० मध्ये नोकरी गेली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही त्यांची याचिका फेटाळली.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, वा! विद्यापीठाने झटपट न्याय केला. पण गोष्ट संपली नव्हती. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य' या प्रकरणात तो सगळा निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती ए. एस. बोपन्ना आणि हिमा कोहली यांचं खंडपीठ होतं. आरोप खोटे आहेत, असं न्यायालय म्हणालं नाही. म्हणाली ती गोष्ट अशी की चौकशी इतक्या घाईत उरकली की समोरच्याला बाजू मांडायची नीट संधीच मिळाली नाही. म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे, पुन्हा २००९ च्या मे महिन्यातल्या टप्प्यावर.

जरा विचार करा. २००९ मध्ये वीस-बावीस वर्षांच्या असलेल्या त्या मुली २०२३ मध्ये पस्तिशीत असतील. नोकरी, संसार, कदाचित दुसरं शहर. त्यांना काय सांगणार, की या पुन्हा साक्षीला? आरोपी प्राध्यापकांचीही चौदा वर्षं गेली, निर्दोष की दोषी हे शेवटपर्यंत ठरल्याशिवाय. दोन्ही बाजूंचं नुकसान झालं. ज्या संस्थेने ही चौकशी कच्ची केली, तिचं काय गेलं? माझ्या मते विद्यापीठाला जाब विचारणं म्हणजे "त्याला काढा" एवढंच म्हणणं नाही. काढताना कागद पक्का केलात का, हेही विचारणं आहे. मोर्च्याच्या दबावाखाली आठ दिवसांत घेतलेला निर्णय कोर्टात उभा राहत नाही, आणि तो पडला की पहिला फटका तक्रारदाराला बसतो.

त्याच निकालात न्यायालयाने देशभरच्या अंमलबजावणीवर ताशेरे ओढले आणि विद्यापीठांसह सगळ्यांच्या समित्या तपासायला सांगितल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले, जिल्हा अधिकारी नेमा म्हणून. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर!

दिरंगाईची दुसरी बाजू जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरला दिसली. तिथल्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती, समितीही बसली होती, पण आपलं कोणी ऐकत नाही असं वाटून तिने स्वतःचा जीव दिला. त्यानंतर प्राचार्यांना निलंबन आणि अटक झाली. तोवर तिच्यासाठी उशीर झालेला होता.

अमेरिकेत १९९० पासून क्लेरी कायदा आहे. कॅम्पसवर झालेल्या गुन्ह्यांचे आकडे प्रत्येक संस्थेला दरवर्षी जाहीर करावे लागतात. एका विद्यार्थिनीच्या वसतिगृहातल्या हत्येनंतर तिच्या आईवडिलांनी लढून तो आणवला. २०१९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाला तिथल्या डॉक्टरच्या अत्याचार प्रकरणात ४५ लाख डॉलर दंड झाला, तो याच कायद्याखाली. आपल्याकडेही समितीला वार्षिक अहवाल द्यावा लागतो, पण तो वेबसाइटवर शोधून दाखवा.

मग आपण काय मागायचं? माहितीच्या अधिकारात, १० रुपयांत, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. नावं मागू नका. तक्रारदाराची, आरोपीची, साक्षीदारांची ओळख गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. मागा तारखा आणि आकडे: समिती कधी स्थापन झाली, सदस्य कोण, बाहेरची सदस्य कोणत्या संस्थेची, विद्यार्थी प्रतिनिधी कसे निवडले, मागच्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या, किती ९० दिवसांत संपल्या, किती शिफारशींवर प्रशासनाने ३० दिवसांत काही केलं. ही माहिती कुणाचीही बदनामी करत नाही. बदनामी होत असेल तर ती दिरंगाईची.

समितीच नसेल तर पॉश कायद्यात ५० हजारांपर्यंत दंड आहे. युजीसी अनुदान रोखू शकते, कॉलेजची संलग्नता काढायची शिफारस करू शकते. विद्यापीठाच्या वर कुलपती म्हणजे राज्यपाल आहेत, आणि सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. वकील परवडत नाही? महिलांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, नंबर १५१००.

आणि समिती म्हणजे पोलीस नव्हे. गुन्हा घडला असेल तर एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येतो, दोन्ही गोष्टी सोबत चालू शकतात. "आधी समितीचं होऊ द्या, मग पोलिसांकडे जा" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. अकरावी-बारावीच्या ऐकणाऱ्यांनो, तुम्ही १८ च्या आतले असाल तर पॉक्सो लागतो, आणि तिथे कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखालाच शिक्षा होऊ शकते.

एक प्रश्न हमखास येतो: "तक्रार दिली पण घेतच नाहीत, उद्या या म्हणतात." तोंडी बोलू नका. दोन प्रती करा, आवक-जावक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. नाहीच घेतली तर तीच तक्रार ईमेलने समितीला आणि कुलसचिवांना पाठवा, आणि स्पीड पोस्टानेही. पोस्टाची पावती जपून ठेवा, फोटो काढून मैत्रिणीला पाठवून ठेवा. ७ दिवस, ९० दिवस, सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं.

मन फारच जड झालं असेल तर टेलि-मानस, १४४१६, दिवसरात्र चालू असतं. महिला हेल्पलाइन १८१. तातडीचं असेल तर ११२.