गाडीचे ॲव्हरेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

नवी गाडी घ्यायला निघालेला माणूस रंगाच्याही आधी ॲव्हरेज विचारतो. समजा, जाहिरातीत लिटरला २२ किलोमीटर छापलेले असते आणि गाडी घरी आल्यावर हाती पडतात १६-१७. मग कोणी स्वतःच्या ड्रायव्हिंगला दोष देतो, कोणी पंपावरच्या पेट्रोलला, तर कोणी कंपनीला चोर ठरवून मोकळा होतो. खरे कारण बहुतेक वेळा चाचणीच्या नियमांत दडलेले असते. या नियमांत फटी कुठे आहेत आणि कंपन्या त्यांतून कशा निसटतात, हे ग्राहकाला ठाऊक असायलाच हवे. इंधनाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात आणि धूर सगळ्यांच्या छातीत जातो.

गैरसमज १ : हा आकडा रस्त्यावर गाडी चालवून काढलेला असतो.

वस्तुस्थिती : आपल्याकडे ही चाचणी एआरएआयसारख्या संस्थांमध्ये होते. पुण्यात कोथरूडलगतच्या वेताळ टेकडीवरची ही संस्था १९६६ सालची. चाचणीसाठी गाडीची चाके रोलरवर चढवतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाचा आलेख सरकत असतो आणि गाडीचा वेग त्याच्याशी जुळता ठेवणे एवढेच त्याचे काम. १९५ सेकंदांचा शहरी टप्पा चार वेळा, मग ४०० सेकंदांचा शहराबाहेरचा टप्पा, असे सारे १,१८० सेकंदांत, म्हणजे वीस मिनिटांच्या आत आटोपते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. एसी बंद असतो. घाट नाही, खड्डे नाहीत, डिकीत सामान नाही. पेट्रोल किती जळले हे टाकीत पाहून ठरवत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेल्या वायूचे नमुने पिशव्यांत साठवतात आणि त्यांतल्या कार्बनवरून हिशेब मांडतात.

सगळ्या गाड्यांना एकच माप लागावे, हा या पद्धतीचा हेतू आणि तो रास्तच आहे. मे महिन्यात नागपुरात एसी लावून फिरणाऱ्याला तेवढेच ॲव्हरेज मिळेल, असे वचन या चाचणीने कधीच दिले नव्हते. ते सुचवते ती जाहिरात.

गैरसमज २ : यंत्रावरची मोजणी असल्याने तिथे हातचलाखीला वाव नाही.

वस्तुस्थिती : रोलरवरच्या गाडीला समोरून वारा कापावा लागत नाही. म्हणून तिला किती विरोध द्यायचा, हे यंत्राला आधी सांगावे लागते. तो विरोध मोकळ्या ट्रॅकवर मोजतात. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ती आपोआप मंदावायला किती वेळ घेते ते टिपायचे. याला कोस्ट-डाउन म्हणतात. गाडी जितकी जास्त वेळ घरंगळते, तितका रोलरवरचा विरोध कमी ठेवला जातो आणि तितके मायलेज वाढते. ही मोजणी बहुधा कंपनी स्वतःच करते. खरी मेख इथेच आहे.

अमेरिकेत २०१२मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना लाखो गाड्यांचे जाहीर केलेले मायलेज कमी करावे लागले. सरकारचा आरोप होता की, कोस्ट-डाउनच्या अनेक फेऱ्यांची सरासरी घेण्याऐवजी कंपन्यांनी सोयीच्या फेऱ्या निवडल्या. गाडीला फायदेशीर ठरेल अशा तापमानात चाचण्या घेतल्या आणि पाठीमागून वारा असतानाचे निकाल वापरले. २०१४मध्ये सुमारे १२ लाख गाड्यांचे हे प्रकरण १० कोटी डॉलरच्या दंडावर मिटले.

जपानमध्ये २०१६ साली मित्सुबिशीने सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या बाबतीत असाच विरोधाचा आकडा कमी दाखवल्याची कबुली दिली. यांतल्या बऱ्याच गाड्या ती निस्सानसाठी बनवत होती आणि निस्सानच्याच लोकांना मोजणीत तफावत आढळली. नियमात न बसणारी ही पद्धत १९९१पासून चालू होती, हेही त्यानंतर बाहेर आले.

गैरसमज ३ : आकडा फुगवायचा तर कायदा मोडावाच लागतो.

वस्तुस्थिती : सर्वांत मोठी फुगवाफुगवी नियमात राहूनच झाली आहे. युरोपात २०१७पर्यंत एनईडीसी ही चाचणी होती. आपली पद्धत तिच्याच वळणाची. पर्यावरण संस्थांनी त्या काळातल्या युक्त्यांची यादीच जाहीर केली होती. दरवाजे आणि बोनेटच्या फटींवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे हवा अडत नाही. शेजारच्या सीटकडचा आरसा काढायचा. टायरमध्ये हवा जास्त भरायची. ब्रेक चाकाला जरासुद्धा घासू नयेत म्हणून त्यांचे पॅड मागे सारायचे. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायची, म्हणजे ती भरण्यात इंजिनाची ताकद जात नाही. चाचणीच्या खोलीचे तापमान २० ते ३० अंशांमध्ये चालत असे, तर ते वरच्या टोकाला ठेवायचे. आणि एवढे करून मोजलेल्या आकड्यापेक्षा ४ टक्क्यांपर्यंत कमी कार्बन डायऑक्साइड जाहीर करायची मुभा होतीच.

एकेका युक्तीने मिळणारा फायदा किरकोळ, पण त्यांची बेरीज मोठी. आयसीसीटी या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार युरोपात कागद आणि रस्ता यांतली तफावत २००१मध्ये दहा टक्क्यांहून कमी होती. २०१५पर्यंत ती चाळीस टक्क्यांच्या पुढे गेली. या काळात गाड्या थोड्याफार सुधारल्या, पण कंपन्या चाचणीत त्याहून जास्त तरबेज झाल्या.

गैरसमज ४ : फोक्सवॅगनचा घोटाळा मायलेजचा होता.

वस्तुस्थिती : २०१५चे ते प्रकरण मुळात विषारी धुराचे, नायट्रोजन ऑक्साइडचे होते. चाचणी चालू आहे हे गाडीतले सॉफ्टवेअर ओळखायचे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करायचे. आपल्याकडचे शेव्हरले टवेराचे प्रकरणही धुराशी संबंधित होते. २०१३मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवली जात होती. फोक्सवॅगन आणि टवेरा ही उघड फसवणूक होती, तिला शिक्षा होऊ शकते. चिकटपट्टीला शिक्षा नाही. म्हणून नियम कसा लिहिला आहे, यावर जास्त लक्ष हवे.

गैरसमज ५ : कंपनीला सरासरी मायलेजची अट घातली की ती कमी इंधन पिणाऱ्याच गाड्या बनवते.

वस्तुस्थिती : अमेरिकेने तेलटंचाईनंतर १९७५मध्ये अशी अट घातली, पण मोटारींना कडक आणि ‘हलक्या ट्रक’ला सैल. मग गाड्याच ट्रक होऊ लागल्या. क्रायसलरची पीटी क्रूझर ही दिसायला सरळ मोटार, पण मागची सीट काढली की सपाट जागा मिळते म्हणून ती कागदोपत्री ट्रक ठरली आणि कंपनीच्या ट्रकांची सरासरी वर गेली. सुबारूने आउटबॅकची जमिनीपासूनची उंची वाढवून ती त्या वर्गात नेली. हमर एच-२ तर इतकी जड होती, की मायलेजचा नियमच तिला लागू नव्हता. इथेनॉलवरही चालू शकणाऱ्या गाडीला खास सवलत होती. ती अर्धा वेळ इथेनॉलवर धावते, असे कायदा गृहीत धरत असे; प्रत्यक्षात बहुतेक मालक पेट्रोलच भरत राहिले.

भारतातही २०१७-१८पासून सरासरीचा नियम आहे आणि २०२२-२३पासून किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ही पातळी ठरली. पण सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादा सैलावते आणि विकलेली एक इलेक्ट्रिक गाडी हिशेबात तीन धरली जाते. या सवलतींनी कागदावरची सरासरी सुधारते, पण बाकीच्या गाड्यांचे पेट्रोल थेंबभरही वाचत नाही.

गैरसमज ६ : मग चाचणीच्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

वस्तुस्थिती : अर्थ आहे, पण तुलनेपुरता. दोन गाड्या एकाच पद्धतीने तपासल्या असतील तर कोणती कमी पिते याचा अंदाज येतो. महिन्याच्या खर्चाचा हिशेब मात्र त्या आकड्यावर मांडू नये. त्यासाठी टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवावेत आणि पुन्हा फुल करताना किती लिटर लागले ते पाहावे.

नियमही सुधारता येतात. युरोपने डब्ल्यूएलटीपी ही तीस मिनिटांची, जास्त वेगाची चाचणी आणली. २०२१पासून नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांना, प्रत्यक्ष किती इंधन जळले याची नोंद ठेवणे बंधनकारक केले. त्या नोंदी गोळा झाल्यावर २०२४मध्ये युरोपीय आयोगाने सांगितले की, पेट्रोल-डिझेल गाड्यांचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त आहे आणि प्लग-इन हायब्रिडचे तर सरासरी साडेतीन पट.

आपणही हेच मागायला हवे. कोस्ट-डाउनची मोजणी त्रयस्थ संस्थेने तपासावी, बाजारातून उचललेल्या गाड्यांची फेरचाचणी व्हावी आणि रस्त्यावरचे सरासरी ॲव्हरेज मॉडेलनिहाय जाहीर व्हावे. असा आकडा शोरूममध्ये झळकू लागला, तर कंपनीला तो वाढवण्यासाठी गाडीच सुधारावी लागेल.