नळावरच्या रांगेतून विधानसभेत

तुमच्या आमदाराचं नाव काय, असं विचारलं तर तुम्ही फटकन सांगाल. चौकातल्या फ्लेक्सवर रोज दिसतंच की! आता नगरसेवकाचं सांगा. कट्ट्यावर एकदम शांतता, बरोबर? खरं तर नळाला कमी दाबानं येणारं पाणी, कॉलेजच्या वाटेवरचं उघडं गटार, बंद पडलेला दिवा, या सगळ्याची तक्रार घेऊन पहिल्यांदा जायचं ते याच माणसाकडे.

आणि आपल्या राज्यातल्या कितीतरी मोठ्या नेत्यांची सुरुवातही याच खुर्चीवरून झालीये. छगन भुजबळ १९७३ मध्ये मुंबईत नगरसेवक झाले आणि १९८५ मध्ये आमदार. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरला नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर, १९९९ मध्ये आमदार. एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाण्यात नगरसेवक, २००४ मध्ये आमदार. पक्ष वेगवेगळे, जिना तोच.

पण हा जिना वाटतो तितका सरळ नाही. मुंबईचंच गणित करून बघा. महापालिकेचे वॉर्ड २२७, विधानसभेच्या जागा ३६. म्हणजे साधारण सहा वॉर्ड मिळून एक मतदारसंघ. तुमचा नगरसेवक स्वतःच्या वॉर्डात कितीही लाडका असो, बाकीच्या पाच वॉर्डांत त्याला कोण ओळखतं? शिवाय त्याच्याच पक्षाचे आणखी दोन-चार नगरसेवक त्याच तिकिटाकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यात पुढच्या वेळी आरक्षणाच्या सोडतीत स्वतःचा वॉर्डच हातचा गेला, तर पाच वर्षं बांधलेली माणसं दुसऱ्याच्या पदरात!

मग वर जायचं कसं? पैसा आणि वरदहस्त हे उत्तर तुम्हाला माहीतच आहे. दुसरं उत्तर हवं असेल तर गोरेगावच्या मृणाल गोरे यांच्याकडे बघा.

जन्म १९२८ चा. डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. तरी काम थांबलं नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावात तेव्हा पाण्याचे हाल. मृणालताई बायकांना घेऊन हंडा मोर्चे काढायच्या, पालिकेत अधिकाऱ्यांना जाब विचारायच्या. लोकांनी नावच पाडलं, ‘पाणीवाली बाई’.

आता गंमत बघा. पाणी सहाही वॉर्डांत लागतं. महागाई तर अख्ख्या शहराला जाळते. १९७२ मध्ये महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणालताई समाजवादी, तर सोबतच्या अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, त्याही नगरसेविका. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी मृणालताई आमदार झाल्या. त्यांची ओळख वॉर्डाच्या हद्दीत अडकलीच नव्हती, कारण त्यांनी धरलेला प्रश्नच हद्दीत मावणारा नव्हता.

पण विधानसभेत जायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण दोरी तिथं आहे. महापालिका चालते तो कायदा बदलायचा अधिकार विधिमंडळाला. झोपडपट्टी सुधारणेचा १९७१ चा कायदाही तिथलाच. अगदी वॉर्ड किती, हेसुद्धा राज्य ठरवतं. २०२१ मध्ये मुंबईचे वॉर्ड २२७ चे २३६ करायचं ठरलं, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि आकडा परत २२७ वर आला. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हा तर तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. नळाचं पाणी गेलं तर जायचं कुणाकडे?

मृणालताई आणीबाणीत तुरुंगात गेल्या, १९७७ मध्ये खासदार झाल्या, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या आणि पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भलिंग चाचणीविरोधात त्यांनी अशासकीय विधेयक मांडलं. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. हे काम वॉर्ड ऑफिसात बसून झालंच नसतं.

खरी मेख इथंच आहे. कितीतरी नगरसेवक आमदार होतात, पण डोक्यानं वॉर्डातच राहतात. पेव्हर ब्लॉक, बाकडी, स्वागत कमान, वाढदिवसाचे फ्लेक्स. ही कामं वाईट नाहीत, पण ती पालिकेची आहेत. आमदारानं सभागृहात तारांकित प्रश्न विचारायचे, लक्षवेधी मांडायची, विधेयक वाचून बोलायचं. आपण मात्र मत मागायला आलेल्या आमदाराला विचारतो काय? ‘आमच्या गल्लीचा रस्ता कधी करताय?’ मग तोही रस्ताच दाखवून मोकळा होतो.

कायद्यानं नगरसेवक व्हायला वय लागतं २१, आमदार व्हायला २५. म्हणजे आपल्यापैकी बरेच जण आजच पहिल्या पायरीवर उभे राहू शकतात. मधली चार वर्षं शिकायची. उभं राहायचं नसेल तरी एवढं करा : विधिमंडळाचं पुढचं अधिवेशन सुरू झालं की तुमच्या आमदारानं कोणते प्रश्न विचारले ते शोधा. आणि एकही सापडला नाही, तर तेवढंच पुढच्या वेळी तो दारात आला की विचारा.