नव्या सॉफ्टवेअरला जुने यंत्र का दिसत नाही?

मागे एकदा एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. तिथे लोखंडी सळई ताणून ती किती भार सोसते, हे मोजणारे एक यंत्र आहे. यंत्र दणकट, संगणकही बरा. पण सुट्टीत कुणीतरी उत्साहाच्या भरात मोजणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली, आणि पडद्यावर एकच ओळ येऊन बसली: उपकरण सापडले नाही. यंत्र तर समोर हातभर अंतरावर उभे! प्रात्यक्षिक परीक्षा तीन दिवसांवर आलेली. प्रयोगशाळेतले साहाय्यक बिचारे पुन्हा पुन्हा सांगत होते, "सर, परवापर्यंत चालत होतं हो!"

ते खरेच सांगत होते. बिघाड यंत्रात नव्हता आणि सॉफ्टवेअरातही नव्हता. तो दोघांच्या मध्ये होता.

शेतकरी बंधूंना ही गोष्ट चटकन कळेल. ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडतो तो पिनांनी. लहान ट्रॅक्टरच्या जोडणीची खालची पिन सुमारे 22 मिलिमीटर जाड, तर मोठ्याची 28. नवा मोठा ट्रॅक्टर दारात आला की जुना नांगर काही वाईट ठरत नाही. पण मधली पिन बदलून मिळेपर्यंत दोघेही उभेच. संगणक आणि यंत्र यांच्या मधल्या अशा पिनेला ड्रायव्हर म्हणतात. नाव ड्रायव्हर असले तरी काम गाडी हाकण्याचे नाही, दुभाष्याचे आहे. सॉफ्टवेअर म्हणते, "भार मोज." ते त्या विशिष्ट यंत्राच्या बोलीत सांगायचे, आणि यंत्राचे उत्तर आकड्यांत परत आणायचे, एवढेच त्याचे काम. प्रत्येक यंत्राची बोली निराळी, म्हणून दुभाष्याही निराळा.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर नवे काढतात तेव्हाच दुभाष्याही का देत नाहीत? पहिली अडचण अशी की पुष्कळदा सॉफ्टवेअर एका कंपनीचे आणि यंत्र दुसऱ्या कंपनीचे असते. सॉफ्टवेअर पक्के झाल्याशिवाय यंत्रवाल्याला शेवटची चाचणी घेता येत नाही. आणि चाचण्या किती? समजा, कंपनीची 100 उपकरणे आहेत, विंडोजच्या 3 आवृत्त्या आहेत आणि सॉफ्टवेअरच्या 4. गुणाकार केला तर 1200 जोड्या झाल्या! मग कंपनी काय करते, तर जे उपकरण आज विकले जाते ते आधी घेते. तुमचे बारा वर्षांपूर्वीचे उपकरण रांगेत शेवटी. कधी कधी त्याला रांगेतही जागा नसते.

दोन्ही वस्तू एकाच घरच्या असल्या तरी हा उशीर टळत नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने 1986 साली लॅबव्ह्यू नावाचे सॉफ्टवेअर काढले. जगभरच्या प्रयोगशाळांत ते मोजणीसाठी वापरतात. त्याच कंपनीने 2017 मध्ये लॅबव्ह्यू एनएक्सजी हा नवा अवतार आणला. दिसायला देखणा, पण सुरुवातीला कंपनीची स्वतःचीच थोडी उपकरणे त्याला ओळखता येत. लोक जुन्यावरच राहिले. 2020 मध्ये कंपनीने जाहीर केले की 2021 नंतर एनएक्सजीची नवी आवृत्ती निघणार नाही. जुने लॅबव्ह्यू मात्र पुढे चालू राहिले.

दुसरी भानगड 32 आणि 64 बिटांची. 64 बिटांच्या विंडोजला 64 बिटांचाच ड्रायव्हर लागतो. 32 बिटांचा तिथे अजिबात चालत नाही. शिवाय 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या 64 बिटी आवृत्तीपासून असा नियम झाला की ड्रायव्हरवर त्याच्या कर्त्याची डिजिटल सही हवी. नियम चांगलाच, ड्रायव्हर संगणकाच्या थेट माजघरात वावरतो, तिथे अनोळखी माणूस नको. पण ज्या लहान कारखानदाराने धंदाच बंद केला, त्याच्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर लिहायचा कुणी आणि सही करायची कुणी?

शाळांतही हा अनुभव येतो. 2016 पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत मुले आर्डुइनोसारख्या पट्ट्या हाताळतात. स्वस्त पट्टीवर बहुधा सीएच 340 नावाची चिप असते, आणि तिचा ड्रायव्हर संगणकात नसेल तर पट्टी जोडूनही पोर्ट दिसत नाही. मुलांना वाटते आपलीच तार चुकली. जोडणीच्या केबलमधल्या पीएल 2303 या चिपची गोष्ट तर उलटी. तिचे जुने प्रकार कंपनीने 2012 पासून बंद केले, आणि नव्या विंडोजवरचा ड्रायव्हर त्यांना ओळखतो, पण काम करायला साफ नकार देतो. म्हणजे पिन बसते, पण फिरत नाही!

तेव्हा गुरुजी, सत्र चालू असताना सॉफ्टवेअर बदलू नका. आधी यंत्राच्या कंपनीच्या यादीत आपल्या उपकरणाचा नेमका क्रमांक आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी छापली आहेत का, ते बघा. "लवकरच" या शब्दावर विसंबू नका. आज चालणारा ड्रायव्हर, त्याचा आवृत्ती क्रमांक आणि सॉफ्टवेअरची मूळ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी जपून ठेवा. आणखी एक: नवा ड्रायव्हर कधी कधी जुन्या सॉफ्टवेअरचा पाठिंबा काढून घेतो, म्हणून घाईने तोही घालू नये. जुन्यावर थांबायचे ठरले तर मात्र त्या संगणकाला इंटरनेटपासून तोडून ठेवा, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला मिळत नाहीत.

त्या तंत्रनिकेतनात शेवटी काय झाले? अडगळीच्या खोलीतून जुना संगणक बाहेर काढला. धूळ झटकली, जुनी आवृत्ती त्यात तशीच होती. यंत्र जोडले, आणि आकडे धडाधड येऊ लागले. परीक्षा ठरल्या दिवशी पार पडली. नव्या आवृत्तीचा ड्रायव्हर पाच महिन्यांनी आला म्हणे, पण त्या जुन्या संगणकावर साहाय्यकांनी चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच आहे: "याला कोणीही हात लावू नये."