रानपिंगळा : एका खोट्या नोंदीआड दडलेला पक्षी

पिंगळा हा आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा पक्षी. वडापिंपळाच्या ढोलीत राहणारे, संध्याकाळ होताच किलबिलाट करणारे हे लहानसे घुबड. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही लोकपरंपरेने याच पक्ष्याचे नाव दिले. या पिंगळ्याचा एक जंगलवासी चुलतभाऊ मात्र तब्बल ११३ वर्षे कोणाही अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नाही. तो म्हणजे रानपिंगळा. त्याच्या हरवण्याची आणि सापडण्याची कथा नोंदवह्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

सात नमुन्यांचा पक्षी

रानपिंगळ्याची शास्त्रीय ओळख १८७३ मध्ये झाली. आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात १८७२ च्या अखेरीस मिळालेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट या अधिकाऱ्याचे नाव पक्ष्याच्या शास्त्रीय नावात कायम राहिले. पुढील काही वर्षांत आणखी मोजके नमुने मिळाले. त्यांपैकी बहुतेक जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० नंतर खानदेशात जमवलेले होते. अशा अवघ्या सात नमुन्यांवर या पक्ष्याची सारी माहिती उभी होती. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला.

पुढे एक आठवा नमुना पुढे आला. तापीकाठच्या मांडवी येथे, गुजरातमध्ये, १९१४ साली तो मिळवल्याची चिठ्ठी त्याला जोडलेली होती. नमुना देणारे गृहस्थ होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. लष्करी पराक्रम आणि पक्षिशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत त्यांचा दबदबा होता. अशा व्यक्तीच्या नोंदीवर शंका कोण घेणार? साहजिकच रानपिंगळ्याच्या ज्ञात प्रदेशात मांडवीची भर पडली आणि त्याच्या अखेरच्या दर्शनाचे साल तीस वर्षांनी पुढे सरकले. विसाव्या शतकात डॉ. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी या पक्ष्याचा शोध घेतला; परंतु तो कोणालाही सापडला नाही. तो बहुधा नामशेष झाला असावा, असेच मानले जाऊ लागले.

नमुन्यांची फेरतपासणी

१९९० च्या दशकात पामेला रॅसमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या तयारीत होत्या. त्यासाठी त्या संग्रहालयांतील जुने नमुने तपासत असता माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहाविषयी त्यांना संशय येऊ लागला. नायजेल कॉलर यांच्यासह त्यांनी त्या आठव्या रानपिंगळ्याची बारकाईने छाननी केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने आतील रचनाही पाहिली गेली.

पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची पद्धत असते. हस्ताक्षरच म्हणा ना! या नमुन्यावर वरवर माइनर्ट्‌झहागेन यांचा हात फिरलेला दिसत होता, पण आतल्या खुणा डेव्हिडसन यांच्या होत्या. ब्रिटिश संग्रहालयातील डेव्हिडसन यांचाच एक नमुना चोरून, तो नव्याने भरून, त्यावर खोटे स्थळ व खोटी तारीख चिकटवण्यात आली होती, असा निष्कर्ष निघाला. १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. एका नामवंताने केलेली एक खोटी नोंद ज्ञानाच्या खतावणीत कित्येक दशके खरी म्हणून राहिली होती.

२५ नोव्हेंबर १९९७

या तपासणीचे फळ लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच मिळाले. मांडवीची नोंद बाद ठरवून, केवळ अस्सल नमुन्यांच्या स्थळांचा आधार घेत रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. प्रथम त्यांनी पूर्वेकडील जुन्या ठिकाणांचा परिसर पालथा घातला. तेथे काही हाती लागले नाही. मग डेव्हिडसन यांच्या खानदेशाकडे त्यांनी मोर्चा वळवला.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर लख्ख उन्हात एक लहानसे घुबड बसलेले किंग यांना दिसले. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, तपकिरी होते. शेपटीवर रुंद पट्टे होते, पोट पांढरेशुभ्र होते. पक्षी उडाला नाही. त्याची छायाचित्रे घेता आली, चित्रीकरणही झाले. हरवलेला रानपिंगळा सापडला होता!

दिवसा जागणारे घुबड

पुढील वर्षांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी या पक्ष्याचे जीवन उलगडले. त्यातील सर्वांत नवलाची बाब म्हणजे हे घुबड बव्हंशी दिवसा वावरते. हिवाळ्यातील सकाळी उघड्या फांदीवर ते ऊन खात बसते आणि तेथूनच खाली झेप घेऊन सरडे, उंदीर, मोठे कीटक पकडते. त्याला सागाची प्रौढ झाडे असलेले, अधूनमधून मोकळे असणारे पानझडी जंगल लागते. घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली हव्या असतात. म्हणजेच जुनी झाडे गेली, की त्याचे घरच जाते.

नेमकी माहिती हाती आल्यावर शोधाला दिशा मिळाली. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातील खांडव्याचा परिसर अशा ठिकाणी रानपिंगळा आढळला. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे जंगल तर त्याचा प्रमुख आसरा ठरले. २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात त्याचे दर्शन झाले आणि पक्षिमित्रांना सुखद धक्का बसला. पुढे दक्षिण गुजरातच्या डांग भागातही तो नोंदला गेला. गुजरातेत रानपिंगळा खरोखरच होता तर! पण म्हणून १९१४ ची ती चिठ्ठी खरी ठरत नाही. नोंदीची किंमत पुराव्यावर ठरते, योगायोगावर नाही.

बढती नव्हे, दिलासा

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात होता. २०१८ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ ही एक पायरी खालच्या धोक्याची श्रेणी मिळाली. त्याची संख्या वाढली, असा याचा अर्थ नव्हे. नव्या ठिकाणांच्या खात्रीशीर नोंदी झाल्यामुळे त्याची स्थिती अधिक स्पष्ट झाली. तरीही त्या वेळच्या अंदाजानुसार प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ च्या दरम्यानच होती. वृक्षतोड, वनजमिनीवरील अतिक्रमण, वणवे आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा ही संकटे अजून टळलेली नाहीत. जादूटोण्यासाठी घुबडाचा बळी देणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असायला हवे.

या कामी सामान्य निसर्गप्रेमीचा हातभारही लागू शकतो. सातपुड्यात किंवा तानसाच्या रानात सकाळच्या उन्हात असे बिनठिपक्यांच्या डोक्याचे घुबड दिसले, तर दुरूनच छायाचित्र घ्यावे. घरट्याजवळ जाऊ नये, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये. दिनांक, वेळ आणि स्थळ जसे असेल तसे टिपून वनविभागाला कळवावे. खात्री नसेल तर तेही लिहावे. रानपिंगळा जेथे खरोखर नांदतो, तेथील जुने साग राखायचे असतील, तर ती जागा आधी कागदावर अचूक उमटली पाहिजे.