नावातच साहेब

या सदरात या आठवड्यात पत्राच्या मायन्याबद्दल लिहिणार होतो, ते आता पुढच्या रविवारी. शिरूरहून आलेल्या एका पत्रानं बेत बदलला. खरं तर नावातल्या ‘साहेब’ला हात घालायची संधी मी कधीपासून शोधत होतो.

लिहिणाऱ्या बाई घोडनदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. त्या म्हणतात, ‘पंत गेले, बुवा गेले, बोलण्यातलं आपण गेलं, हे तुमच्या आधीच्या लेखांतलं सगळं पटलं. पण माझ्या चौथीच्या वर्गात दोन दादासाहेब होते, एक रावसाहेब आणि एक बाळासाहेब. रोज सकाळी मी म्हणायचे, रावसाहेब, पाटी काढ. ही हाक आदराची म्हणायची की बिनआदराची?’

प्रश्न लाखमोलाचा आहे. पुण्याहून नगर रस्त्यानं शिक्रापूर ओलांडलं, किंवा सोलापूर रस्त्यानं यवत ओलांडलं, की ही नावं दिसायला लागतात. रावसाहेब, दादासाहेब, भाऊसाहेब, बाळासाहेब, आप्पासाहेब, नानासाहेब, अण्णासाहेब, बापूसाहेब, आबासाहेब. आणि हाच ऐवज उलटा मांडून साहेबराव. ही टोपणनावं नव्हेत. सातबारावर, मतदार यादीत, सोसायटीच्या कर्जदारांच्या यादीत, शाळेच्या दाखल्यावर हीच नावं असतात. भाऊसाहेब रावसाहेब यांचे चिरंजीव दादासाहेब अशी तीन पिढ्यांची लग्नपत्रिका या भागात कुणालाही नवलाची वाटत नाही. कोकणात पाळण्यातल्या बाळाला अशी नावं ठेवलेली सहसा आढळत नाहीत. पुणे, नगर आणि त्याला लागून मराठवाडा, असा हा मुख्यतः घाटावरचा पट्टा आहे.

मुळात या हाका. पेशव्यांच्या घरात बाळाजी बाजीराव हे नानासाहेब, रघुनाथराव हे दादासाहेब, सदाशिवराव हे भाऊसाहेब. पानिपतची हकिगत सांगणारी बखर ‘भाऊसाहेबांची बखर’ म्हणून ओळखली जाते, सदाशिवरावांची म्हणून नव्हे. पण जन्मनाव वेगळं आणि घरातली हाक वेगळी, ही वाटणी तिथं पक्की होती. नाना, दादा, भाऊ हे नात्याचे शब्द, त्यांना साहेब जोडला की वडीलधाऱ्याचा मान झाला. पुढं इंग्रज सरकारनं ‘रावसाहेब’ ही चक्क पदवी करून टाकली. तिच्या वरची रावबहादूर. सरकारी चाकरीतले अधिकारी, सरकारच्या मर्जीतले जमीनदार, व्यापारी यांना ती मिळायची आणि नावाआधी लावली जायची. 1947 नंतर हा कारभार संपला आणि 1950 च्या संविधानातल्या अठराव्या अनुच्छेदानं सरकारनं किताब देण्याची प्रथाच बंद केली, सैनिकी आणि विद्याविषयक सन्मान तेवढे वगळून.

दिल्लीत किताब बंद झाले आणि घोड-भीमेच्या काठी ते बारशात आले. माझं या बाबतीतलं मत ठाम आहे. ज्या घरातल्या आजोबांना आयुष्यभर ‘ए तुक्या’ अशी हाक ऐकावी लागली, त्या घरानं नातवाचं नाव रावसाहेब ठेवलं, तर ते केवळ मोठेपणाच्या हौसेपोटी नव्हतं. पूर्वी गावात नावाची लांबी माणसाच्या पायरीवर ठरायची. वरच्याला राव किंवा पंत, खालच्याचं नावसुद्धा तोडलेलं, शेवटी ‘या’ लावलेलं. कोरेगाव भीमाचा रणस्तंभ, नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत आहे तो, पाहिलाय ना? 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यातली महार शिपायांची नावं ‘नाक’नं संपतात. राव नाही, पंत नाही. नावाच्या शेपटावरून जात आणि पायरी दोन्ही कळत. अशा जगात कुणब्याच्या, बलुतेदाराच्या घरानं सरकारची किंवा पाटलाची वाट न पाहता पोराच्या नावातच साहेब घालून टाकला. आता मोठ्या वाड्यातल्या माणसालाही त्याला हाक मारायची तर ‘साहेब’ तोंडातून काढावाच लागणार. हा मान मागून मिळालेला नाही, तो घेतलेला आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

पण बाईंचा प्रश्न शिल्लक राहतोच. साहेब सगळ्यांच्याच तोंडी आला, तर त्यात आदर किती उरला?

मराठीनं याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. ‘रावसाहेब आला’ म्हणजे शेजारचा पोरगा, ‘रावसाहेब आले’ म्हणजे मामलेदार. ‘रावसाहेबाला बोलव’ आणि ‘रावसाहेबांना बोलवा’ यांत फरक एका अनुस्वाराचा, ‘ला’च्या जागी आलेल्या ‘ना’चा आणि एका काण्याचा, पण ऐकणारा उठून उभा राहायचं की नाही ते त्यावरून ठरवतो. तेव्हा बाई, तुमची हाक ना आदराची, ना अनादराची; ती एका लेकराला मारलेली नेहमीची हाक होती. आदराचा निकाल ‘काढ’नं लावला, रावसाहेबनं नव्हे. तुमच्या वर्गातला तो रावसाहेब आज पन्नाशीच्या घरात असेल. मधल्या काळात कधीतरी गाव त्याच्याबद्दल ‘आला’ऐवजी ‘आले’ म्हणायला लागलं असेल. लग्न झालं तेव्हा, सोसायटीवर निवडून आला तेव्हा, की वडील गेल्यावर? मी अनेकांना हे विचारत असतो आणि बहुतेक जण वडिलांच्या दहाव्याचा दिवस सांगतात. त्या दिवशी भावकीतली वडील माणसं पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाली, असं.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. आदर नावात मुरला की त्याची धार जाते, मग लोक वरून नवा थर चढवतात. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला साखर कारखाना आहे, त्याचं नाव रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना. त्यांचे चिरंजीव शिरूरचे आमदार होते, निवडणुकीच्या कागदांवर अशोक रावसाहेब पवार. म्हणजे कागदावरचं नाव रावसाहेब, आणि दादा ही लोकांची भर. राव, साहेब, दादा असे तीन मान एका ओळीत बसले आणि कुणालाही ते जास्त वाटत नाहीत, कारण पहिले दोन आता नाव झाले आहेत. गावोगाव हेच दिसतं. दादासाहेबाचे दादासाहेबआण्णा होतात, बाळासाहेबाचे बाळासाहेबभाऊ. जालन्याचे खासदार राहिलेले रावसाहेब दादाराव दानवे यांच्या नावात बापलेकांचे दोन राव आहेत. संगमनेरचे थोरात मंत्रिपदाची शपथ घेताना विजय ऊर्फ बाळासाहेब भाऊसाहेब थोरात असं पूर्ण नाव घेत. तिथं बाळासाहेब ‘ऊर्फ’च्या पलीकडे उभा आहे, अजून नावात पुरता शिरलेला नाही. ही मधली अवस्था मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी.

नुसत्या ‘राव’चं तर पार वेगळंच झालं. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसमध्ये सकाळच्या पाळीला चढा, वीस-बावीस वर्षांची पोरं एकमेकांना ‘काय राव’, ‘चल ना राव’ करत असतात. बाजीराव, माधवराव यांच्या शेपटाला असलेला हा शब्द आता बरोबरीच्या दोस्ताचा झाला, आणि तक्रार करताना तर हटकून येतो. त्याच बसमधला एखादा दादासाहेब कंपनीत पोचला की त्याचा ‘दादा’ होतो, कारण संगणकाच्या अर्जानं नावाचे दोन तुकडे केलेले असतात आणि साहेब आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलेला असतो.

उलट ज्याचं नाव भाऊसाहेब नाही, तो मात्र या भागात खात्रीनं भाऊसाहेब असतो: तलाठी. ग्रामसेवकही. अलीकडे सरकारनं तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. हाक बदललेली नाही. ‘ग्राम महसूल अधिकारी आलेत का?’ असं विचारणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

यावरून दौंड तालुक्यातल्या, पाटसकडच्या एका आजींनी सांगितलेली अडचण आठवली. त्यांच्या मालकांचं नावच भाऊसाहेब. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही हा त्यांच्या काळचा दंडक, आणि नावासारखा शब्दही टाळायचा. मग तलाठी दारात आला की या काय म्हणणार? त्या ‘तलाठीआण्णा’ म्हणायच्या आणि गावभर तेवढ्या एकट्याच. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात पतीचा, न्यायमूर्ती रानड्यांचा, उल्लेख ‘स्वतः’ असा केला आहे. इंग्रजी भाषांतरकर्तीलाही पुस्तकाचं नाव त्यावरूनच ठेवावंसं वाटलं. शिकलेल्या रमाबाईंनी सर्वनामाचा आडोसा घेतला, पाटसच्या आजींनी तलाठ्याचं नातं बदललं. आजींच्या नातसुनेनं लग्नात उखाणा घेतला तो ‘शुभमरावांचं’ नाव घेत, आणि त्याच मांडवात तासाभरानं ती फोनवर म्हणाली, ‘शुभम, कुठं आहेस तू?’ नावापुढं राव लावायची जुनी रीत आज सर्वांत ठणठणीत कुठं असेल तर उखाण्यात. ओंकारराव, अक्षयराव, प्रतीकराव. कुणालाही राव लागतो.

आतापर्यंत सगळे साहेब पुरुषच आले, हे एव्हाना ध्यानात आलं असेल. बायकांच्या नावात मान शिरला नाही असं नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या रमाबाईंना 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे दोन मान दिले. सरस्वती आज अभ्यासकांपुरती राहिली, पण पंडिता नावाला असा चिकटला की तो काढून नुसतं रमाबाई म्हटलं तर ‘कोणत्या?’ असं विचारावं लागतं. पण हा मान विद्वत्सभेनं दिलेला, तोही वयाच्या विसाव्या वर्षी. जन्मताच कुणी मुलीचं नाव पंडिता ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

शेतकऱ्याच्या घरात मुलाचं नाव बाळासाहेब, आणि त्याच घरातल्या तिसऱ्या-चौथ्या मुलीचं? नकुसा. नकोशी. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेनं अडीचशेहून अधिक नकोशींची नावं समारंभ करून बदलली, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. पण हे नाव एका जिल्ह्यापुरतं नव्हतं, जुन्या हजेरीपटांवर ते इतरत्रही सापडतं. एकाच पटावर भाऊ साहेब आणि बहीण नकोशी. ज्या घराला नावाची ताकद इतकी नेमकी कळली होती की पोराच्या नावात त्यानं सरकारी किताब घातला, त्या घरानं तीच ताकद पोरीवर उलटी चालवली. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो यावा असंच वाटतं.

बाईसाहेब, ताईसाहेब, अक्कासाहेब, माँसाहेब ही संबोधनं सरदारांच्या, संस्थानिकांच्या घरात होती. लग्न होऊन आलेल्या किंवा तिथं जन्मलेल्या बायकांना ती मिळायची. पण हाकेतून नावात जायचा जो रस्ता भाऊसाहेबाला सापडला, तो ताईसाहेबाला का सापडला नाही, याचा मी बरीच वर्षं शोध घेतो आहे. आज तलाठी बाई असली की तिला कुणी भाऊसाहेब म्हणत नाही आणि ताईसाहेबही म्हणत नाही, ‘मॅडम’ म्हणतात. सरपंचबाईंना ताई किंवा वहिनी, आणि ‘सरपंच’ ही हाक पुष्कळदा त्यांच्या मालकांना.

शिरूर, दौंड, श्रीगोंदा, पारनेर या भागात कुणाच्या घरात, आजीचं किंवा पणजीचं का असेना, शाळेच्या दाखल्यावर, जन्मनोंदीत किंवा सातबारावर ताईसाहेब, बाईसाहेब, अक्कासाहेब असं जन्मनाव असेल तर मला कृपया कळवा. नाव कुणी ठेवलं आणि गावात तिला काय म्हणून हाक मारत, एवढंही लिहा.