मुंग्या पायाला, संशय पोळीवर

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात हिंडताना तोंडात टाकायला जे मिळतं, भटुरे, मोमो, समोसे, ते बहुतेक मैद्याचं. घरी यावं तर ताटात पोळ्या. तिथून हाकेच्या अंतरावरच्या ‘एम्स’मधील डॉ. गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांची दिल्ली परिसरातली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण ९६ माणसांमागे एकाला सीलिअ‍ॅक आढळला. गहू आणि जवातल्या ग्लूटेनमुळे प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, तो हा आजार. २०१६ च्या व्यापक पाहणीत त्याच्या रक्तातल्या खुणांचं (प्रतिपिंडांचं) प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के निघालं, दक्षिणेत ०.१०. आजारासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. गहू मात्र उत्तरेत दिवसाला माणशी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५! भाकरी-भातावरून पोळीवर आलेल्या दिल्लीकर मराठी घरांनी हे आकडे जरा थांबून वाचावेत.

सीलिअ‍ॅक म्हणजे जुलाबाने खंगलेलं मूल, हे चित्र अपुरं आहे. तळपाय बधिर होणं, मुंग्या येणं, चालताना झोक जाणं हीही त्याची रूपं असू शकतात, आणि पोटाची तक्रार नसतानाही. इंग्लंडमधल्या शेफील्डचे डॉ. हादजीवासिलिऊ यांनी १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ही बाजू ठळकपणे मांडली. स्वीडनमध्ये २८ हजारांवर सीलिअ‍ॅक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात मज्जातंतूंच्या विकाराचा धोका इतरांच्या अडीच पट दिसला. यावर कोणी म्हणेल, मुंग्यांचं कारण बहुधा मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता असते. खरंच आहे; आधी तेच तपासावं. पण ते अहवाल ठीक आले की ‘कारण कळत नाही’ असा शेरा मारून फाइल मिटतात, त्याला माझा आक्षेप आहे. हा आजार हुडकणारी रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी त्या शेऱ्याआधी व्हायला हवी. उशीर महाग पडतो, कारण चालताना तोल सांभाळणाऱ्या लघुमेंदूतल्या मेलेल्या पेशी पथ्याने परत येत नाहीत.

मग महिनाभर पोळी सोडून बघू की, हा घरगुती उपाय सोपा वाटतो, पण तो निदानच बिघडवू शकतो. गहू थांबला की रक्तातल्या खुणा हळूहळू ओसरू लागतात, आतडं सावरू लागतं आणि अहवाल खोटाच निर्दोष येऊ शकतो. शिवाय पोळी सोडली तरी गहू पुरता सुटतही नाही. वरणाच्या फोडणीतल्या बांधानी हिंगातसुद्धा अनेकदा मैदा असतो. म्हणून तपासणी होईपर्यंत पोळी खात राहा.