बर्ड फ्लू : आजारी कोंबडीला सुरी लावू नका

वऱ्हाडातील खेड्यांत अंगणातल्या गावरान कोंबड्या ही बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची स्वतःची पुंजी असते. अंड्यांचे पैसे तिच्या बटव्यात जमतात. नातवाची वही, औषधाची गोळी त्यांतूनच निघते. म्हणून एखादी कोंबडी मान टाकून बसली की मनात पहिला विचार येतो तो हा, की मरण्याआधीच कापून घ्यावी, वाया तरी जाणार नाही. ही काटकसर पिढ्यानपिढ्यांची आहे. परंतु बर्ड फ्लूच्या बाबतीत माणसाला सर्वांत मोठा धोका असतो तो याच क्षणी.

आजार किती जवळ आला आहे?

भारतात हा आजार प्रथम आढळला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेव्हा तो अमरावती-अकोल्याला दूरचा वाटला असेल. आता तसे म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळील गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमरावती विभागातच, वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील खेर्डा गावी साडेसहा हजारांहून अधिक कोंबड्या काही दिवसांत मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही हा विषाणू सापडला.

या विषाणूचे मूळ घर म्हणजे रानटी पाणपक्षी. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके, चक्रवाक असे पाहुणे आपल्या तलावांवर व धरणांवर उतरतात. त्यांच्यापैकी काहींच्या आतड्यांत विषाणू असूनही ते आजारी दिसत नाहीत. त्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी किंवा चिखल कोंबड्यांपर्यंत पोहोचला, की आजार खुराड्यात शिरतो. मात्र एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात तो पसरतो तो बहुधा माणसामुळेच : पादत्राणे, वाहनांची चाके, पिंजरे आणि अंड्यांचे ट्रे यांवरून. म्हणून पाहुण्या पक्ष्यांचा राग धरू नये. त्यांना दुरून पाहावे आणि मेलेला पक्षी हातात घेऊ नये.

मानमोडी की बर्ड फ्लू?

कोंबड्यांची साथ म्हटली की आपल्याकडील जाणत्यांना ‘मानमोडी’ म्हणजे राणीखेत आठवते. तोही विषाणूजन्यच आजार. पिलांना वेळेवर लस दिल्यास टळणारा. माणसाला त्याचा त्रास क्वचितच होतो आणि तोही सहसा डोळे लाल होण्यापुरताच. बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. तुरा निळसर पडणे, डोके सुजणे, अंडी एकाएकी बंद होणे आणि पाठोपाठ अनेक कोंबड्या मरणे ही त्याची लक्षणे होत. परंतु दोन्ही आजारांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात, की अनुभवी डोळ्यालाही खात्री देता येत नाही. अंतिम निदान भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेतच होते. तोपर्यंत प्रत्येक संशयित कोंबडीला बर्ड फ्लूच आहे असे समजून वागावे.

ताटात भीती नाही, हाताला आहे

साथीची बातमी आली की अनेक घरांत अंडी बंद होतात. वाचकहो, याची गरज नाही. वयपरत्वे स्नायू झिजत असताना अंडे हे स्वस्त आणि पचायला सोपे प्रथिन आहे. अफवेपायी ते थाळीतून काढणे नुकसानीचेच. अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजले की हा विषाणू नष्ट होतो आणि आपला रस्सा तर उकळून १०० अंशांपर्यंत जातो. हाडाजवळचे मांस गुलाबी राहू नये, अंड्याचा बलक घट्ट व्हावा, एवढे पाहावे. आजारपणातून उठलेल्या माणसाला दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची जुनी रीत मात्र आता सोडावी.

खरा धोका शिजण्याआधीचा आहे. आजारी कोंबडी कापताना, तिची पिसे उपटताना, आतडी काढताना रक्त व विष्ठेचे सूक्ष्म कण हातांना लागतात, डोळ्यांत उडतात, श्वासात जातात. २०२५ साली आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक मुलगी या आजाराने दगावली. तिने कोंबडीचे कच्चे मांस खाल्ले होते. म्हणून मांस चिरताना नातवंडांना जवळ बसू देऊ नये, सुरी व पाट साबणाने धुवावेत आणि आतडी मांजराला किंवा कुत्र्याला कच्ची टाकू नयेत. साबण येथे साधा उपाय नव्हे. या विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरणच तो विरघळवतो.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांसाठी

माणसांत हा आजार विरळा आहे आणि तो माणसाकडून माणसाला सहजी लागत नाही. पण लागला तर गंभीर होतो. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी खुराडे झाडण्याचे काम साथीच्या काळात घरातील धडधाकट माणसाकडे सोपवावे. त्यानेही नाकातोंडाला मास्क किंवा फडके बांधावे, विष्ठेवर आधी पाणी शिंपडावे आणि मग झाडावे. कोरडी धूळ उडू देऊ नये.

आजारी पक्ष्याशी संबंध आल्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही दिसले, तर ‘हवा बदलली’ म्हणून घरी थांबू नये. अमरावती किंवा अकोल्याच्या शासकीय रुग्णालयात जाऊन पहिलेच वाक्य सांगावे : ‘आमच्या घरी कोंबड्या मेल्या आहेत.’ कारण या आजारावरील गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या अधिक उपयोगी पडतात आणि डॉक्टरांना ही माहिती केवळ तुमच्याकडूनच मिळू शकते.

लपवल्याने नुकसानच

कोंबड्या मरू लागल्या की पुष्कळ जण गप्प राहतात. निदान झाल्यास साधारण एक किलोमीटर परिसरातील सर्व कोंबड्या नष्ट केल्या जातात, ही त्यामागची भीती असते. परंतु शासनाची भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवणाऱ्याच्या पदरात काही पडते, लपवणाऱ्याच्या नाही. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता, हात न लावता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

एका कोंबडीचे मोल बटव्याला जाणवते, हे खरे. तरीही आजारी कोंबडी कापून ते मोल वाचवू नये. त्या हातांवर सारे घर अवलंबून असते.